संगप्पाअण्णांच्या रेघा

आमच्या हुमनाबादेत भांडायची चोरी झाली होती. शेजारचे संगप्पाअण्णा सगळं लिहून घ्यायचे!

कचेरीत ते लघुलेखक. साहेब बोलेल त्या वेगानं कागदावर रेघा ओढायच्या, ही त्यांची नोकरी. ती कचेरीपुरती ठेवावी की नाही? पण भाजीवालीची घासाघीस, हॉटेलातल्या गप्पा, माझं नि बायकोचं वाजलेलं, सगळं वहीत! पेन्सिलीला दोन्हीकडं टोक. एक मोडलं तर बोलणाऱ्याचा खोळंबा नको.

"अण्णा, ही इंग्रजी विद्या. आपल्या बोलण्याला कशी चालते?" मी एकदा विचारलं.

"रेघ आवाजाची हाय, गुरुजी. भाषेची न्हाई. कन्नड शिव्या तर लई झकास उतरतात."

खरंच होतं ते. आमच्याकडं माणूस भाव कन्नडात सांगतो, शपथ उर्दूत घेतो आणि चिडला की मराठीत येतो. अण्णांची पेन्सिल कुठंच अडायची नाही.

पण दिवस वाईट होते. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्याला वर्षही झालं नव्हतं. कोण कुणाची चुगली करील, नेम नव्हता. त्यात कुणालाच वाचता न येणारी वही! 'अण्णा वरती कळवायलेत,' अशी कुजबुज सुरू झाली. खोटं कशाला बोलू, कुजबुजणाऱ्यांत मीही होतो.

एका सकाळी आम्ही चहा पीत असताना हॉटेलवाल्या मल्लप्पाचं गिऱ्हाइकाशी वाजलं. अण्णा लिहून घेताना दिसले, तशी त्यानं वही हिसकावली आणि भट्टीवर धरली.

"कुणासाठी लिहायलात? बोला, न्हाईतर टाकतो."

अण्णांनी दोन्ही हात पुढं केले. "टाकू नका. बायको वाट बघायलीय."

"बायको? कामून?"

"टायफॉइडात तिचे कान गेले. लोकांनी कीव करू नये म्हणून बाहेर येत न्हाई. तिला ह्या रेघा शिकवल्यात. साध्या अक्षरात लिहायला बसलो, तर निम्मं गाव रस्त्यातच राहतंय."

आणि मी वहिनींना शिष्ट समजत होतो! हाक मारली तरी ओ देत नाहीत म्हणून.

मल्लप्पाचा विश्वास बसेना. आम्ही वही घेऊन त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी ती उघडली, बोट फिरवत वाचू लागल्या आणि खुदकन हसल्या.

"मल्लप्पा, चहात पाणी जास्त म्हणलं तर गिऱ्हाइकाच्या आज्ज्यापर्यंत जायचं व्हय?" मोठ्या, बेसूर आवाजात त्या म्हणाल्या. शब्द न् शब्द बरोबर!

मग पान उलटलं. पुढं कोरं.

"इथं थांबलंय. पुढं काय झालं?"

आम्ही सगळे जमिनीकडं बघू लागलो. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णा वही-पेन्सिल घेऊन खाली बसले.

मल्लप्पानं घसा खाकरला. "लिहा अण्णा. मल्लप्पा गाढव हाय."

अण्णांनी लिहिलं. वहिनींनी वाचलं, मान डोलावली आणि माझ्याकडं बघितलं.

"आन् गुरुजी?"

मी अण्णांच्या शेजारी बसलो आणि मीही काय कुजबुजलो होतो, ते त्यांना सावकाश सांगू लागलो.