केंद्र क्रमांक सात

बिजागऱ्यांच्या कारखान्याचे मालक गेले चौदा महिने सॉफ्टवेअर निवडत होते. कोणतं काम कोणत्या मशीनवर, कधी आणि किती वेळ, हे ठरवून देणारं सॉफ्टवेअर. आतापर्यंत सात बघून झाली होती. पहिलं महाग होतं. दुसरं इतकं स्वस्त होतं की संशय आला. तिसरं दाखवायला आलेल्या माणसाने चहा अर्धा ठेवला, तेव्हा त्याला कामं पुरी करायची सवय नसावी असं मालकांनी ताडलं. उरलेल्या चारांबद्दल विचार चालू होता.

तोवर कारखाना फोरमनकाकांच्या डोक्यावर आणि भिंतीवरच्या फळ्यावर चालला होता. काका सकाळी फळ्यावर दिवसाची कामं लिहीत आणि दहाच्या सुमारास मालक ती पुसत, कारण मालकांना फोनवर 'नाही' म्हणता येत नसे. कुणीही गिऱ्हाईक ओरडलं की "लावतो, आत्ता लावतो" म्हणायचं, शेडमध्ये धावायचं, चालू प्रेस थांबवायचा आणि त्यावरचा साचा उतरवून दुसरा चढवायला लावायचा. साचा बदलायला दीड तास लागे. तेवढ्यात दुसऱ्याचा फोन येई. एक ना धड भाराभर चिंध्या, असा सगळा कारभार.

मग एक दिवस कपाटं बनवणाऱ्या कंपनीच्या खरेदी अधिकारी बाईंचा फोन आला. कारखान्याचं निम्मं काम या कंपनीचं होतं. "तीनदा माल उशिरा आला. सोमवारपर्यंत कॉम्प्युटरवरचं वेळापत्रक पाठवा, नाहीतर बिजागऱ्या आम्ही दुसरीकडून घेऊ." मालकांची पाचावर धारण बसली.

ऑफिस सांभाळणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, भावाच्या विचाराची वाट न बघता आठवं सॉफ्टवेअर पंधरा दिवस फुकट वापरायला घेतलं आणि काकांना समोर बसवलं.

"काम कुठे कुठे जातं आणि कुठे किती थांबतं, सगळं खरंखरं भरायचंय, काका."

काका डोळे मिटून सांगू लागले. "कापणी, वीस मिनिटं. प्रेस, एक तास. भोकं पाडणं, अर्धा तास. घासणं, मुलामा, तपासणी मिळून दीड दिवस. आणि मालक, साडेतीन दिवस."

ताईची बोटं थांबली. "मालक काय मशीन आहे का?"

"काम त्यांच्यापाशी अडतं की नाही? खरंखरं म्हणालात म्हणून सांगितलं."

ताईने काचेतून भावाकडे पाहिलं. तो फोनवर "आत्ता लावतो" म्हणत होता. तिने 'केंद्र क्रमांक सात'च्या रकान्यात 'मालक' भरलं.

सॉफ्टवेअरने दोन मिनिटं विचार केला आणि पडद्यावर सात रेघा उमटल्या. सहा हिरव्या, एक लाल. खाली सूचना होती: 'केंद्र ७, मालक. सर्वाधिक काम येथे अडते. भार कमी करा किंवा असेच दुसरे केंद्र उभारा.'

"दुसरं नको," ताई लगेच म्हणाली.

एवढ्यात मालक आत आले. "पंचवीस वर्षं रक्त आटवलं आणि मी अडवतो? पुसा ते आधी!"

पण तयार झालेलं वेळापत्रक गिऱ्हाइकाला आपोआप पाठवायची सोय त्यात होती, आणि ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. फोन वाजला.

"वेळापत्रक मिळालं," अधिकारी बाई म्हणाल्या. "कुणीतरी पहिल्यांदा खरं लिहून पाठवलंय. ते सात नंबरचं मशीन, 'मालक' असं काहीतरी नाव ठेवलंय तुमच्या लोकांनी, फार जुनं आहे का हो?"

"बावन्न," मालकांच्या तोंडून निघून गेलं.

"बावन्न वर्षं? अहो, मग आठ दिवस पूर्ण बंद ठेवा त्याला. आमचा माल त्याच्याकडे जाताच कामा नये. जमेल ना?"

स्वभावाला औषध नाही. "जमेल," मालक म्हणाले.

पहिले दोन दिवस त्यांनी घरून दर अर्ध्या तासाने फोन केले. तिसऱ्या दिवशी ताईने फोन उचलणं बंद केलं. आपल्यावाचून कारखान्याचं अडावं, एखादा प्रेस तरी बिघडावा आणि कुणीतरी धापा टाकत बोलवायला यावं, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. कुणी आलं नाही. खोटं कशाला बोला, त्यांना फार लागलं ते. पाचव्या दिवशी त्यांना दुपारची गाढ झोप लागली आणि जागे झाल्यावर त्या झोपेचंही वाईट वाटलं.

नवव्या दिवशी ते कारखान्यात गेले, तेव्हा कपाटवाल्यांचा माल मुदतीच्या एक दिवस आधीच रवाना झालेला होता. अकरा वाजता अधिकारी बाई स्वतः हजर झाल्या.

"माल उत्तम. पुढचं वर्षभराचं काम तुमच्याकडेच. आता ते सात नंबरचं मशीन दाखवा मला."

काका छताकडे बघू लागले. मालकांनी घसा खाकरला. "मॅडम, ते... मीच."

बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं. "असं होय. आमच्याकडे अशी तीन आहेत. वरच्या मजल्यावर बसतात." त्यांनी पर्समधून वही काढली. "सॉफ्टवेअर कोणतं घेतलंत, तेवढं सांगा."

मालकांना हायसं वाटलं. हा विषय त्यांचा होता. खुर्ची पुढे ओढून ते म्हणाले, "त्याचं असं आहे मॅडम, यात घाई करून चालत नाही. अजून दोन बघायची आहेत, मग सावकाश..."

"हेच घेतलं," ताई म्हणाली. "मागच्या मंगळवारी."

"मला न विचारता?"

"विचारणार होते रे," ताई म्हणाली, "पण मशीन बंद होतं."