पिठल्याचा इंग्रजी बोर्ड

बीडजवळच्या मांजरसुंब्याच्या चौकात वनमालाचा धाबा होता आणि तिथलं पिठलं खाणारा माणूस बोटं चाटतच उठायचा. अडचण एवढीच होती, की खाणारा माणूस मुळात येतच नव्हता. डाव्या हाताच्या धाब्यावर इंग्रजीत 'पंजाबी' लिहिलेलं, उजव्या हाताच्या धाब्यावर 'चायनीज' आणि 'साऊथ इंडियन', आणि मधे वनमालाचं पत्र्याचं शेड. त्यावर खडूनं 'जेवण तयार आहे' असं लिहिलं होतं, तेही अर्धं पुसलेलं.

वनमाला आणि तिचा नवरा अजिनाथ दरसाल ऊस तोडायला जायचे. यंदा मात्र वनमालानं सांगून टाकलं होतं, की आपण काही कोयता हातात धरणार नाही, धाबाच चालवणार. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम दसऱ्यापर्यंत थांबायला तयार झाला. तोवर धाबा चालला तर ठीक, नाहीतर पुन्हा ट्रॉलीत संसार भरून कर्नाटकाची वाट. वनमालाला त्या ट्रॉलीची स्वप्नंसुद्धा पडायची, आणि ती चांगली नसायची.

अशात एका ट्रॅव्हल्स कंपनीच्या मॅनेजरची गाडी नेमकी तिच्या शेडसमोर पंक्चर झाली. लांब पल्ल्याच्या बसनं जेवायला कुठं थांबायचं ते हाच माणूस ठरवायचा. नाइलाजानं तो आत येऊन बसला आणि आणखी एक भाकरी मागून खाऊनच उठला.

"ताई, हात चांगला आहे तुमचा," तो म्हणाला. "पण आमचा प्रवासी काचेतून आधी बोर्ड वाचतो. हे जेवण कुठलं, ते इंग्रजीत लिहा. रविवारी दुपारी येतो. गिऱ्हाइकं बसलेली दिसली, तर आपल्या गाड्या इथंच थांबवू."

"कुठलं म्हंजी? इथलंच हाय," वनमाला म्हणाली.

"तेच इंग्रजीत लिहा."

हे काम तिनं अजिनाथवर सोपवलं. तिथंच चुकलं. अजिनाथ हा असा गृहस्थ होता, की चपला घेतानाही चार जणांना विचारायचा आणि पाचव्यानं सांगितलेल्या घेऊन यायचा. तो तडक बिभीषण गुरुजींकडे गेला. गुरुजींनी हयातभर शाळेत इंग्रजी शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी इंग्रजीतलं काही म्हणून विचारलं नव्हतं.

"गुरुजी, पंजाबचं पंजाबी, चीनचं चायनीज. मंग आपल्या बीडचं काय?"

गुरुजींचा चेहरा उजळला. "यात नियम नाही, अजिनाथ. जपानचं जॅपनीज, पण इटलीचं इटालियन. नेपाळचं नेपाळी, अन् स्पेनचं स्पॅनिश. जग ज्याला जसं ओळखतं, तसं त्याला विशेषण चिकटतं."

"मंग जग आपल्याला काय म्हनतंय?"

गुरुजींनी आत चहा सांगितला. "जगाची आपली अजून ओळख झालेली नाही," ते म्हणाले. 'बीडी' म्हणावं तर खायच्या ठिकाणी ओढायची वस्तू यायची. शेवटी चहा संपता संपता त्यांनी 'मराठवाडियन' हा शब्द घडवला आणि दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिला. त्यांना तो फारच आवडला.

ही बातमी सुंदरराव अण्णांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. अण्णा म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. जमीन मोठी, मिश्या मोठ्या आणि रुसवा त्याहून मोठा.

"अजिनाथ, गुरुजीला इचारलंस म्हनं," ते म्हणाले. "आमी काय परगावी गेलतो का?"

"तसं न्हाई, अण्णा."

"मराठवाडियन लई मोठं हुतंय. त्यात नांदेड-परभणीचं बी पिठलं आलं. ते कावून आपल्या बोर्डावर? डेक्कनी लिव्ह."

दख्खन मराठवाड्याहून कितीतरी मोठं असतं, हे गुरुजींना माहीत होतं. अण्णांपुढे ते बोलायचं नसतं, हेही त्यांना माहीत होतं.

अण्णांनी शब्द दिला म्हटल्यावर सोमेश्वर आबा गप्प बसणं शक्यच नव्हतं. आबा आणि अण्णा प्रत्येक निवडणुकीत एकमेकांसमोर उभे राहायचे आणि मधल्या काळात एकमेकांकडे पाठ करून. "आपन बसलोत बालाघाटाच्या डोंगरावर," आबा म्हणाले. "बालाघाटी लिव्ह. डेक्कनी म्हंजी काय त्यांची जहागीर हाय?"

अजिनाथनं तिन्ही शब्द घरी आणले. "तिघंबी खरंच बोलतेत," तो म्हणाला.

"गिऱ्हाईक पिठलं खानार का शबुद?" वनमाला म्हणाली. पण तिला ठेच्याच्या मिरच्या भाजायच्या होत्या. बोर्डाचं तिनं पुन्हा त्याच्यावरच सोडलं.

अजिनाथ फ्लेक्सवाल्या पप्पूकडे गेला. पप्पूनं आजवर दुकानाचा बोर्ड असा कधी केलाच नव्हता. त्याच्या कॉम्प्युटरवर सगळे नेते हात जोडून कायमचे तयार उभे असत.

"शबुद कुनाकुनाचा घेतला?" त्यानं विचारलं.

"गुरुजीचा, अण्णांचा, आबांचा."

"मंग फोटो बी तिघांचे आले. मानसाचा शबुद घ्यायचा अन् फोटो घ्यायचा न्हाई, हे कसं दिसंल बे?"

अजिनाथला हे अगदी पटलं. प्रश्न फक्त वर कोण आणि खाली कोण एवढाच होता. पप्पू त्यात मुरलेला होता. त्यानं अण्णांना डावीकडे वर घेतलं, आबांना खाली घेतलं पण इंचभर मोठं केलं, आणि गुरुजींना गोल चौकटीत कोपऱ्यात बसवलं. मागं सोनेरी किरणं सोडली, खाली फुलं उधळली. तिन्ही इंग्रजी शब्द फुलांच्या खाली, मुंग्यांच्या रांगेएवढे, एका ओळीत मावले. धाब्याचं नाव मात्र मावलं नाही.

रविवारी सकाळी फ्लेक्स शेडवर चढला. वनमाला परात घेऊन बाहेर आली आणि वर बघतच राहिली.

"अवो, ह्यात पिठलं कुठंय?"

"खाली लिवलंय की. वाकून बघ."

ती वाकेपर्यंत नारायणगडाहून दर्शन करून परतणारी एक जीप समोर थांबली. आमच्याकडे हात जोडलेल्या माणसांचा एवढा मोठा फोटो दोनच कारणांनी लागतो. एकतर वाढदिवस असतो, नाहीतर तेरावं. आणि जेवण दोन्हीला असतं. जीपमधली माणसं खाली उतरली, त्यांनी चपला काढल्या आणि शेडपुढच्या सावलीत ओळीनं मांडी घालून बसली.

"कुनाचा हाय वाढदिवस? वरच्याचा का खालच्याचा?" एकानं विचारलं.

"आपल्याला काय करायचंय? वाढा, ताई," दुसरा म्हणाला.

वनमालानं अजिनाथला चुलीमागं ओढलं. "ह्यांना सांगा, हे हॉटेल हाय म्हनावं."

"आता बसलेत की. पंगतीत बसलेल्याला उठवतेत का कुटं?" अजिनाथनं पत्रावळ्या घेतल्या आणि वाढायला सुरुवात केली. पंगत बसलेली पाहून रस्त्यावरची माणसं थांबली. मोटारसायकली लागल्या, ट्रॅक्टर लागले. मॅनेजर यायच्या आधीच वनमालाच्या पिठाच्या डब्याचा तळ दिसू लागला. तिचे डोळे भरून आले, आणि ते काही धुरामुळं नव्हतं. तिला समोर पंगत दिसतच नव्हती, ट्रॉली दिसत होती.

तेवढ्यात अण्णा आपला फोटो बघायला आले. कुणीतरी चौकातून हार आणला आणि त्यांच्या गळ्यात घातला. "अण्णा, उदंड आयुष्य लाभो."

अण्णांचा वाढदिवस शाळेच्या दाखल्यावर एक जून होता, जसा त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा होता. तेव्हा खरा वाढदिवस आजच नसेल, असं तरी कुणी छातीठोक सांगावं? अण्णांनी नम्रपणे मान वाकवली. त्यांच्या मागोमाग आबाही आले.

"पंगत कुनाची हाय?" आबांनी विचारलं.

"अण्णांची," पंगतीतून उत्तर आलं.

"मंग माझा फोटो काय वाढप्या म्हनून लावलाय? वनमाला, आजचं सगळं पीठ माझ्याकडून. पोती मागवतो."

"पीठ त्यांचं तर बेसन माझं," अण्णा गरजले.

वनमालानं पदरानं डोळे पुसले. चुलीपुढून उठून ती आबांजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "आबा, अण्णा तेलाचा डबा बी देतेत वाटतं."

अण्णा तेलाबद्दल अक्षरही बोलले नव्हते. आबांनी दोन डबे मागवले. मग तिनं अण्णांना आबांच्या गुळाचं सांगितलं.

मॅनेजर आला तेव्हा त्याला गाडी लावायला जागा मिळेना. वनमालाच्या ऊसतोडीच्या टोळीतल्या बाया भाकरी थापत होत्या, अण्णा एका ओळीला आग्रह करत होते, आबा दुसऱ्या ओळीला. त्यालाही कुणीतरी हाताला धरून बसवलं. पोटभर जेवून तो वनमालाकडे आला.

"ताई, एवढी गर्दी मी अख्ख्या रस्त्याला पाहिली नाही. उद्यापासून गाड्या थांबतील. फक्त एक करा. तो बोर्ड काढा. प्रवाशांना वाटेल सभा चाललीय, आणि ड्रायव्हर गाडी पळवेल."

"मंग इंग्रजीत काय लिवू?"

"काही लिहू नका. आमची माणसं गाडीतच सांगतील, मांजरसुंबा आलं, जेवायला उतरा."

महिन्याभरात शेजारच्या 'पंजाबी' धाब्यानं बोर्डावर इंग्रजीत नवी ओळ घातली, 'मांजरसुंबा थाळी'. गुरुजी ती वाचायला मुद्दाम चालत आले. पुढं शेपूट नाही, मागं शेपूट नाही, गावाचं नुसतं नाव. त्यांना 'मराठवाडियन'चं थोडं वाईट वाटलं, पण जगाची ओळख झाली म्हणून बरंही वाटलं.

दसऱ्याला मुकादम येऊन भाकरी खाऊन गेला, अन् एकटाच गेला. वनमालानं दोन्ही कोयत्यांना हळद-कुंकू वाहिलं आणि ते फ्लेक्समध्ये घट्ट गुंडाळून पत्र्याखालच्या फळीवर टाकले. सोनं द्यायला आलेल्या अण्णांना आपला फोटो कुठं दिसेना.

"वनमाला, बोर्ड कुठाय?"

"फळीवर हाय, अण्णा. कोयते गुंडाळलेत त्यात."

अण्णांनी आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "गुंडाळल्यावर वरच्या बाजूला कुनाचा फोटो आलाय?"

"तुमचाच की," वनमाला म्हणाली.

अण्णा खुशीत निघून गेले. थोड्या वेळानं आबा आले. त्यांनीही तेच विचारलं, आणि वनमालानं त्यांनाही तेच सांगितलं.