दत्तूअण्णांची खात्री

बेंगळुरात राजाजीनगरला राहायला आले त्या पहिल्याच संध्याकाळी मी वाटीभर चिवडा घेऊन खालच्या मजल्यावर गेले आणि म्हटलं, "नमस्कार, मी वर राहायला आलेय. पुण्याची." दाराची साखळी न काढता आतून प्रश्न आला, "कशावरनं?"

आता पुण्याची आहे हे माणसाने कशावरून सिद्ध करायचं? "कशावरनं म्हणजे काय?" असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं, तेव्हा बहुधा पुण्याबद्दलची खात्री पटली, कारण साखळी निघाली. तरी वाटी हातात धरून त्यांनी घरमालकाला फोन लावलाच. चिवडा खाल्ला की नाही ते मला आजही माहीत नाही.

हे दत्तूअण्णा. मूळचे निपाणीचे, सरकारी वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बायको सुलूताई गेल्यापासून एकटेच. आयुष्यभर बाजार फिरून लोकांचे तराजू तपासले. लोखंडी वजनाच्या पोटात शिसं भरलेलं असतं आणि त्या शिशावर सरकारी शिक्का. लबाड दुकानदार ते शिसं कोरून काढतो, वरून बघणाऱ्याला किलो तो किलोच दिसतो. "म्हणून सांगतो अक्का, कुठलंबी वजन आधी उलटं करून बघायचं," असं अण्णा म्हणत. निवृत्तीनंतर हातातली वजनं गेली आणि मोबाईल आला. माणूस तोच राहिला.

आमच्या इमारतीच्या ग्रुपवर एकदा व्हिडिओ आला, गुडघाभर पाण्यात बुडालेली बस. खाली मजकूर, 'आत्ता, आपल्या बेंगळुरात! घराबाहेर पडू नका!' अर्ध्या तासात सगळ्यांनी घाबरून दूध, ब्रेड भरून ठेवला. मीही ठेवला, खोटं कशाला बोलू? अण्णांनी मात्र चष्म्यावर भिंग धरून तो व्हिडिओ बघितला आणि लिहिलं, 'बसवरची पाटी तेलुगूत. आपल्या बसवर तेलुगू कशी आली? उलटं करून बघितलं का कुणी?' आकाशात ढग औषधाला नव्हता हे आमच्यापैकी एकानेही खिडकीतून डोकावून बघितलं नव्हतं.

तळमजल्यावरच्या सरोजाअक्कांनी साखरेच्या आजारावर भेंडीचं पाणी पाठवलं. म्हणजे पाणी नव्हे, त्याचा मेसेज. खाली एका मोठ्या डॉक्टरचं नाव होतं. अण्णांनी त्या डॉक्टरच्या दवाखान्यात फोन करून विचारलं, तर त्या नावाचा डॉक्टर तिथे कधी नव्हताच. अक्का महिनाभर अण्णांशी बोलल्या नाहीत. गोळ्या मात्र परत सुरू केल्या.

पण अती तिथे माती. त्याच सरोजाअक्कांच्या मुलीची लग्नपत्रिका फोनवर आली. नकली पत्रिका उघडली की फोनमधलं सगळं चोरीला जातं हे अण्णांनी वाचलेलं. त्यांनी लगेच ग्रुपवर बजावलं, 'कोणीही उघडू नका, फसवणूक आहे.' कोणीही उघडली नाही. साखरपुड्याला इमारतीतलं काळं कुत्रंसुद्धा फिरकलं नाही! लग्नाच्या दिवशी मात्र अण्णा सकाळीच जाऊन कार्यालय बघून आले आणि जिन्यात उभे राहून जाहीर केलं, "मांडव खरा हाय. जेवणबी खरं हाय. सगळ्यांनी जावा." अक्कांनी त्यांना हात धरून पंक्तीला बसवलं, पण वाढताना ओबट्टू, म्हणजे त्यांची पुरणपोळी, एकच वाढला.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. मीही दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचू लागले. नवऱ्याने 'मीटिंग लांबली' म्हटलं तरी मनात यायचं, कशावरून?

अण्णांचा मुलगा विनायक महादेवपुऱ्याला राहतो, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. एकाच गावात, पण राजाजीनगर ते महादेवपुरा म्हणजे ट्रॅफिकच्या हिशेबाने परदेशच. "येतो अप्पा, ट्रॅफिक बघून," असं तो म्हणायचा. बेंगळुरात ट्रॅफिक बघून कोण कुठे गेलंय? तेव्हा दर रविवारी सकाळी फोन यायचा. अण्णांचा फोन कायम स्पीकरवर, त्यामुळे तो सगळ्या जिन्याला ऐकू येई.

माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून घरच्यांना लुबाडतात, हे वाचल्यापासून अण्णांनी रविवारचा फोनही उलटा करून बघायला सुरुवात केली होती.

"अप्पा, मी विनायक."

"कशावरनं? तिसरीत असताना तू पायरीवरनं पडलास, ते कुठल्या गावात?"

"संकेश्वरला, अप्पा."

"कोण धावलं?"

"आई."

"तिच्या हातात काय होतं?"

"लाटणं. आणि पडलो म्हणून आधी मलाच दोन दिले तिनं." मग तो हसायचा आणि पुढचं आपणहून सांगायचा. वर बसून मी कपाळावर हात मारून घ्यायची. पोटच्या पोराची उलटतपासणी! अहो, पोलीससुद्धा रविवारी सुट्टी घेतात.

परवा मात्र हद्द झाली. दुपारी मी दळण घेऊन जिना चढत होते, तर अण्णा दारातच छाती पुढे काढून उभे. "अक्का, आज एक चोर पकडला बघा. विन्याचा आवाज काढत होता. नवा नंबर, दवाखाना आणि घाई, ही तिन्ही एकत्र आली की चोर समजायचं. म्हणाला, 'अप्पा, मुलगी झाली.' सुनेला अजून तीन आठवडे हाईत की! मी म्हटलं, आधी खूण सांग, तुझी आई तुला लाडानं काय म्हणायची? तर भडकला. मी म्हटलं, चोरा, दुसरं घर बघ."

तेवढ्यात माझाच फोन वाजला. अडीअडचणीला असावा म्हणून विनायककडे माझा नंबर होता. "ताई, अप्पांना सांगा, पल्लवी आणि बाळ दोघी बऱ्या आहेत. लवकर झालं सगळं. माझा फोन मघाशी बंद पडला म्हणून मेहुण्याच्या फोनवरनं लावला होता, आता चालू झालाय. पहिला फोन त्यांना केला हो मी, आणि त्यांनी मला चोर म्हटलं. आता माझ्याकडून त्यांना फोन नाही." आवाज कोरडा ठाक. मागोमाग बाळाचा फोटो आला, खाली दवाखान्याचं नाव. "अण्णा, तो विनायकच होता," मी म्हटलं.

"कशावरनं..." अण्णांनी सुरुवात केली.

"पुरे!" मी ओरडलेच. "हा घ्या फोटो. तुमच्या भिंगातून बघा!"

अण्णांनी भिंग घेतलं नाही. डोळ्यांजवळ फोन नेऊन कितीतरी वेळ बघत राहिले. मग खाली बसले आणि मुलाला फोन लावला. त्याने उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. माणूस एवढासा झाला. मी दळण तिथेच टाकलं आणि दवाखान्यात जायला टॅक्सी बोलावली.

टॅक्सी निघाली, म्हणजे रांगेत उभी राहिली. मी आधीच तापलेले. म्हटलं, "अण्णा, एक सांगा. इतकी वर्षं ऐकताय, पोराचा आवाज तुम्हाला ओळखू येत नाही?"

"येतो की. खोकला तरी येतो."

"मग दर रविवारी ते प्रश्न कशाला?"

अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कसा हायस म्हटलं तर 'बरा आहे' म्हणतो, आणि ठेवतो. खूण विचारली की आईचं सांगत बसतो. तेवढंच बोलणं होतं बघा."

तरी राहवेना. "मग आज? आज तर ओळखायचा होता."

"आज खरंच न्हाई ओळखला, अक्का." त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. "सुलू गेल्यापास्नं इतका खूश आवाज मी त्याचा ऐकलाच न्हाई. मला वाटलं, हा माझा विन्या कुठला, दुसराच कुणीतरी हाय."

मला रडूच आलं. चालक आरशातून बघत म्हणाला, "स्वल्प वेळ लागेल, मॅडम." बाईसाहेब ट्रॅफिकमुळे रडतायत असं त्याला वाटलं असावं.

मी माझ्या फोनवरून विनायकला लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन अण्णांच्या हातात दिला.

"बोला ताई."

"ताई न्हाई. मी अप्पा."

तो ठेवेल या धास्तीने अण्णा घाईघाईने पुढे बोलले.

"विन्या, चुकलं माझं. येतोय मी, वाटेत हाय. मघाशी सांगितलंस ते परत एकदा सांग की."

"काय?"

"तेच. सांग."

"मुलगी झाली."

"असं न्हवं रे बाळा. मघा म्हणालास तसं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, मग हसू, आणि मग तो दवाखान्यात असल्याचं विसरून ओरडला, "अप्पा, मुलगी झाली! मला मुलगी झाली!"

अण्णांनी फोन कानाला घट्ट दाबून धरला आणि डोळे मिटले.

"हां," म्हणाले, "आणि एकदा."