हरिचंद्रच्या गच्चीवरची टाकी

बदलापूर गावात हरिचंद्रच्या लेकीची, उन्नतीची हळद होती आणि गच्चीवरची टाकी भरून पाणी मांडवावर कोसळत होतं. मोटार थांबायचं नाव घेईना. टाकीवर सेन्सर आणि छोटा कम्प्युटर बसल्यावर हरिचंद्रने भिंतीवरचं बटणही उपटून टाकलं होतं. बटण दाबणं आता गरिबांचं काम, म्हणे.

गच्चीच्या जिन्यात इंजिनियर पुतण्या लॅपटॉप मांडीवर घेऊन घामाघूम बसला होता.

"कल्पेश, मोटार बंद कर."

"काका, डीजेच्या लोडने मेन पडला ना, तेव्हा कम्प्युटर रीस्टार्ट झाला. त्याच्यातली सर्व्हिस, म्हणजे मोटार चालवणारा प्रोग्राम, आधी उठली. सगळे सेन्सर ज्या वायरवर आहेत, ती बस तेव्हा झोपलेली. उत्तर आलं नाही, म्हणून सर्व्हिसने टाकी रिकामी धरली."

"तुझी काकी उत्तर देत नाही, म्हणून मी घर रिकामं धरतो काय रे? मार त्या सर्व्हिसला."

"तीनदा मारली. मेली की लगेच उठायचं, असं तिला सांगून ठेवलंय."

"कोणी?"

"मीच. तुम्ही बोललात, कोणाला बंद करता येता कामा नये."

मेन पाडावा तर डीजे बंद, आणि डीजे बंद म्हणजे भावकीत नाक कापलेलं. हरिचंद्र कठड्यावरून धास्तावून डोकावला. खाली भावकीतला प्रीतम, ज्याने स्वतःच्या लेकीच्या हळदीत दोन डीजे लावले होते, तो पाण्याच्या धारेखाली बेभान नाचत होता.

"हरीशेठ, रेन डान्स? आम्हाला नाय सुचलं बघ."

हरिचंद्रची छाती फुगली. मागच्या आळीत बाया दिवसाआडच्या नळासाठी हंडे मांडून बसल्या होत्या. त्यांनाही हे सुचलं नव्हतं.

"झालं, काका," कल्पेश म्हणाला. "आता बस जागी झाल्याशिवाय सर्व्हिस उठणार नाही."

धार थांबली. नाचही थांबला.

"बस्स? एवढंच होतं?" प्रीतमने खालून विचारलं.

हरिचंद्र दातओठ खात म्हणाला, "चालू कर."

"आता नाही होणार. सेन्सर खरं बोलतायत, टाकी भरलेली आहे."

"मग खोटं बोलायला सांग."

"सगळं परत लिहावं लागेल. त्यापेक्षा टाकी रिकामी झाली, की मोटार आपोआप चालू होईल."

हरिचंद्रने टाकीचं झाकण सरकवलं. नव्या सिल्कच्या झब्ब्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या, एक बादली पुतण्याला दिली, एक स्वतः घेतली. कठड्याआड वाकून दोघं पाणी उपसून मांडवावर ओतू लागले. खाली डीजे पुन्हा दणाणला.

तेवढ्यात त्याची बायको वेणू धापा टाकत वर आली. "अवो, पोरीला हळद लावायला बाप कुठंय म्हणून सगळी शोधतायत."

"लावून घ्या म्हणावं," हरिचंद्र पुढची बादली बुडवत म्हणाला. "अजून अर्धी टाकी हाय."