बोटांनी मोजलेला पाइप

घाटंजीच्या भीमराज सरांनी तीस वर्षं पोरांना पाण्याचा दाब शिकवला होता. त्यामुळे घरच्या मोटारीचा पाइप निसटला, तेव्हा प्लंबर बोलवायला त्यांनी साफ नकार दिला.

"एका क्लॅम्पाचं काम आहे," ते बायकोला, प्रभावतीबाईंना म्हणाले. "त्याच्यासाठी माणूस कायले पाह्यजे?"

"पाइपाचा तुकडा तरी कापून न्या. मापाले कामी येईल."

"माप माह्या डोळ्यात आहे."

त्यांच्या वस्तीत नळ सहाव्या दिवशी यायचा, तोही तासभर. आज चारला येणार होता. तेवढ्यात मोटारीनं गच्चीवरची टाकी भरली नाही, तर पुढचे सहा दिवस शेजाऱ्यांच्या दारात बादल्या घेऊन उभं राहणं आलं.

"पाइप केवढा, सर? इंची का सव्वा इंची?" दुकानदार देवीलालनं विचारलं.

सरांनी अंगठा आणि बोट जुळवून गोल केला, मग तोच पुन्हा करून दाखवला. "एवढा."

"आता लहान दाखवला, मघाशी मोठा होता. बोटं हालतात, सर. तुकडा आणा."

सरांना हा विज्ञानाचा अपमान वाटला. त्यांनी दुकानातला सर्वांत मोठा, चकचकीत क्लॅम्प उचलला आणि हातभर लांबीचा पाइप पाना घेतला. देवीलालनं क्लॅम्प आवळायला पेचकस पुढे केला, तर म्हणाले, "हे लेकरांचं खेळणं."

घरी तो क्लॅम्प पाइपावर म्हाताऱ्याच्या मनगटातल्या घड्याळासारखा लोंबू लागला. सरांनी भाजीच्या सुरीनं स्क्रू आवळला. सुरीचं टोक गेलं. मग खाली सायकलची ट्यूब गुंडाळली. तरी ढिलाच. शेवटी त्यावर पाना लावला आणि सगळा देह टाकला. कट्कन आवाज झाला.

"काय मोडलं?" बाईंनी आतून विचारलं.

"काही नाही. बसला."

बसला कुठला, पाइप ज्यावर चढतो ते मोटारीचं प्लॅस्टिकचं निप्पल तडकलं होतं. चारला नळ आला, सरांनी बटण दाबलं, आणि पाइप उसळून फवारा खिडकीतून थेट मळलेल्या कणकेवर गेला. सर पाइप धरायला धावले, पण पाइपानंच त्यांना धरलं. चष्म्यासकट धुतलं.

बाईंनी आधी बटण बंद केलं. मग पाइपाचा चार बोटं तुकडा कापला आणि चपला घातल्या. वीस मिनिटांत नवं निप्पल, दोन लहान क्लॅम्प आणि तो पेचकस घेऊन परतल्या. पाइपाचं टोक कढत पाण्यात बुडवून मऊ केलं, निप्पलवर चढवलं, क्लॅम्प आवळले. नळ जाईपर्यंत टाकी अर्धी भरली.

सकाळी शेजारचा बळीराम आला. "सर, थेंब गळून नाही राह्यला. कोनं बसवला?"

सरांनी पेपर खाली ठेवला. "क्लॅम्प बोटानं मोजायचा नसते, बळीराम. तुकडा कापून न्यायचा. टोक कढत पाण्यात बुडवायचं."

"मंग चाला ना आमच्या घरी. आमचा बी सुटला."

सरांनी चष्मा पुसला. मग उठून आत डोकावले आणि हळूच म्हणाले, "प्रभा, बळीरामच्या घरी जायचं आहे. चाल, सामानाची पिशवी मी धरतो."