गल्लीचं रीडिंग

आमच्या सावेडीच्या गल्लीत सकाळी पाणी येवो न येवो, नाना येतात. फाटकाची कडी वाजते आणि मी कणकेच्या हातानेच दार उघडते.

"बाई, काल मोबाईलवर काय शोधलं? घर का भाषांतर?"

मला शाळेला उशीर होत असतो, डबा भरायचा असतो. मी म्हणते, "काहीच नाही." नाना गंभीरपणे मान हलवतात, "शून्य युनिट" असं पुटपुटतात आणि पुढच्या फाटकाकडे जातात.

नाना वीज मंडळात मीटर रीडर होते. लोकांच्या जिन्याखाली टॉर्च मारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. "मानूस खोटं बोलतो, मीटर न्हाई," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. सख्ख्या मेव्हण्याने बिल कमी यावं म्हणून मीटरला चुंबक लावलं होतं, तर नानांनी स्वतः जाऊन तक्रार केली. मेव्हणा अजून त्यांच्याशी बोलत नाही. नाना म्हणतात, "बोलला असता तरी खोटंच बोलला असता."

हे प्रकरण सुरू झालं दिवाळीत. नानांचा मुलगा जर्मनीत असतो. त्याची आई, आमच्या काकू, वारल्यापासून त्याचा एकच धोशा, घर विका आणि माझ्याकडे या. दिवाळीला आला तेव्हा गल्लीसमोर म्हणाला, "आता घर विकायला दलाल लागत नाही नाना, वेबसाइटवर टाकायचं. आणि भाषेची काळजी नको, मोबाईल भाषांतर करतो." लोक इंटरनेटवर कुठली गोष्ट जास्त शोधतात, हे दाखवणारा आलेखही त्याने वडिलांना दाखवला. तिथेच तो फसला. निवृत्तीनंतर नानांना पहिल्यांदाच मीटर दिसलं.

"मंग ठरलं," नाना म्हणाले. "जगात लोक घर जास्त शोधतात का भाषांतर, ते मीटर सांगंल. लोक घरामागं हायेत तवर मी माझं सोडनार न्हाई. भाषांतर पुढं गेलं, की बॅग भरतो. शब्द हाय माझा."

दुसऱ्या दिवशी पाहतात तो भाषांतराची रेघ आभाळाला टेकलेली आणि घरांच्या वेबसाइटची तळाशी पडलेली. नाना डगमगले नाहीत. "हे जगाचं हाय. मेन मीटर. आपन सबमीटर बघू." मग भारताचं पाहिलं, तेच. महाराष्ट्राचं, तेच. नगरचंही तेच. शेवटी त्यांनी आलेखाचा नाद सोडला आणि गल्लीचं रीडिंग स्वतःच घ्यायला लागले, दारोदार, पूर्वीसारखं.

गल्लीत मात्र घर पुढे निघालं. निघणारच. आमच्याकडे जेवणं झाली की जो तो मोबाईलवर केडगावचे नाहीतर राहुरी रोडचे प्लॉट बघत बसतो. घेणारा कोणी नाही, बघणारे सगळे. नाना मुलाला फोनवर सांगायचे, "मीटर न्हाई म्हनतंय, मी काय करू?" मुलगा थकला. आम्हीही थकलो. रोज उठून आपण काल काय शोधलं याचा जबाब द्यायचा, म्हणजे काय कमी ताप आहे?

परवा संध्याकाळी मी ओट्यावर वह्या तपासत बसले होते, तर नाना आले. संध्याकाळी ते कधी येत नाहीत. पायरीवर बसले आणि चपलेचा अंगठा चाचपू लागले.

"काल नात बोलली. मोबाईल मधी घालून. मी आपलं मराठीत बोलायचं, तो तिच्या भाषेत सांगायचा. दात पडलाय तिचा. मी म्हनलं, छपरावर टाक, नवा चांगला येतो. ती म्हनती, आमचं छप्पर लई उंच हाय आजोबा, तुमी येऊन टाका. डबीत ठिवलाय तिनं."

"मग जा ना नाना."

"कसा जाऊ? समद्या गल्लीसमोर शब्द दिलाय. रीडिंग घराचं येतंय. बाई, तुमी कायच शोधत न्हाई. आज जरा भाषांतराचं शोधा की. घराचं काय ते मागनं बघू. आधी दात टाकून येतो."

मी लाल पेन खाली ठेवलं. "नाना, हे चुंबक झालं."

"व्हय," ते म्हणाले. "लावतोय. लई कंटाळा आलाय बाई. सकाळी तुमची दारं होत्यात. मंग दिवसभर कुनी न्हाई."

इतके दिवस आम्हाला वाटत होतं, हा माणूस रीडिंग घ्यायला येतो.

रात्र व्हायच्या आत मी घरोघरी सांगून आले. एरवी नानांची नक्कल करणारेही लगेच तयार झाले.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक फाटकावर एकच उत्तर मिळालं. माझं दार त्यांनी शेवटी घेतलं.

"बाई, काल काय?"

"भाषांतर."

"खरंच शोधलं का?" शेवटी मीटर रीडरच ते.

"खरंच. 'लवकर परत या' हे जर्मनमध्ये कसं म्हणतात, ते ऐकलं."

नाना कडी धरून उभे राहिले. "म्हना की मंग."

"जीभ वळत नाही."

"मराठीत म्हना. मला तेच कळतं."

मी म्हणाले. नानांनी मान हलवली, "एक युनिट" म्हणाले, आणि जाताना फाटकाची कडी नीट लावून गेले.