धुरामागचा तांबडा तारा

आमच्या लालबागच्या चाळीत नवा भाडेकरू आला की साटम मास्तर त्याला आधी गच्चीवर नेत. नळ कधी येतो वगैरे नंतर. गिरण्यांच्या धुराकडे बोट करून म्हणत, "मृग आणि रोहिणीच्या मधे बघा. एक तांबडा तारा आहे. पुसट आहे, पण आहे." नवा माणूस डोळे बारीक करून धूर बघे, मान डोलावे आणि खाली येऊन आम्हाला विचारी, मास्तर बरे असतात ना?

मास्तर शाळेत शास्त्र शिकवत आणि एकटे राहत. तो तारा त्यांनी तरुणपणी मालवणकडे पाहिला होता. मुंबईत आल्यापासून तो धुरानं गिळला होता. "पुसट म्हणून लहान समजू नका," ते सांगत, "लांब आहे इतकंच. पोटात आपले सूर्य पोत्यानं मावतील." एकदा नळावर गिरणीत मुकादमी करणारे तावडे जॉबर लालबुंद होऊन भांडत होते. मास्तरांनी मधे पडून त्यांना समजावलं, की तांबडा तारा थंडच असतो, खरा तापतो तो निळा. तावडे निळे व्हायच्या बेतात होते. शेजारचे काका निवृत्तीनंतर सुटले, तेव्हा तारेही म्हातारपणी असेच फुगतात, असा दिलासा मास्तरांनी दिला. काकांनी बरेच दिवस अबोला धरला.

असे हे मास्तर पोलिसांना मात्र फार भीत. हवालदार दिसला की फुटपाथ बदलत.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत एकदा हरताळ पडला, गिरण्या बंद झाल्या. मी मोर्चात गेलो आणि डोक्यात लाठी बसून परळच्या इस्पितळात बेशुद्ध पडलो. निरोप चाळीत पोहोचला तोवर संचारबंदी लागली होती. घरात आई एकटी, तिला कुणी बाहेर पडू देईना. त्याच संध्याकाळी, चिमण्या थंडावल्यामुळे, आकाश लख्ख निवळलं. सगळी चाळ गच्चीवर लोटली. मास्तरांना हाका मारल्या, तर त्यांच्या दाराला कुलूप.

मी शुद्धीवर आलो तेव्हा उजाडलं होतं. उशाशी मास्तर बसले होते. धोतर फाटलेलं, पायात एकच चप्पल. बंदोबस्तातून ते कसे आले, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही.

घरी आलो तोवर गिरण्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. चाळीतली हकिगत कळल्यावर मी म्हटलं, "मास्तर, इतकी वर्षं वाट पाहिलीत. जाताना क्षणभर वर जायचं होतंत."

"तो कुठं पळतोय रे? तुझा भरवसा नव्हता." मग म्हणाले, "आणि जाग आल्यावर माणसाला उशाशी कुणीतरी दिसावं. मला आजारपणात कधी दिसलं नाही."



मास्तर उठले, पण दाराशी घुटमळले. त्या संध्याकाळी आईही गच्चीवर गेली होती, परळच्या बाजूला बघत उभी राहायला. हळू आवाजात त्यांनी तिला विचारलं, "वहिनी, तुम्हाला दिसला का हो?"

आई आपल्या मालवणीत म्हणाली, "दिसलो, मास्तरांनू. बारीकसो होतो. तांबडोच."

मास्तर परत आत येऊन बसले आणि तिला पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं.